कुंकू लावलेला डबा

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण त्या पांढऱ्या गाडीची चौकशी मी विसरलेली नाही. तेव्हा मी चेन्नईत नुंगंबाक्कमच्या बाजूला एका ठाण्यात हेड कॉन्स्टेबल होते. चोरीला गेलेल्या गाडीचा माग सांगणारी यंत्रं नुकतीच आली होती. ती घ्यावीत का, असं लोक मला आजही विचारतात, म्हणून लिहिते. बोलणं सगळं तमिळमध्ये झालं. इथे आपल्या मराठीत देते.

एका सकाळी एक व्यापारी आला. दारातून गाडी गेली होती, तरी माणूस खुशीत. "मॅडम, आत यंत्र आहे. कंपनीचा फोन येईल, तुम्ही फक्त जाऊन घेऊन या." फिर्याद लिहून होते तोच फोन आला. गाडी बंदराकडे, एन्नोरच्या रस्त्यावर होती म्हणे.

सांगितलेल्या जागी कोळशाची लॉरी उभी. तिच्या खाली तारेने बांधलेला काळा डबा. तेच यंत्र, स्वतःच्या बॅटरीवर चालू. लॉरीवाला म्हणाला, "अम्मा, मी कोळसा नेतो. गाडी कुठे लपवू, खिशात?"

परतल्यावर मालकाचं बोट थेट बरोबर आणलेल्या ड्रायव्हरकडे गेलं. "डबा कुठे बसवलाय ते मला आणि ह्यालाच माहीत." ड्रायव्हर पन्नाशीचा, त्या घरी अठरा वर्षं कामाला. इन्स्पेक्टर साहेब त्याला अटक करायला निघाले. चोरीचा शिक्का बसला असता, तर त्या वयात त्याच्या हातात कुणी किल्ली दिली नसती. बाकावर बसून तो एकच म्हणत होता, "सर, मी नाही."

पंचनाम्यासाठी मी डबा उजेडात धरला. कोळशाच्या धुळीखाली गंधाचं बोट, त्यावर कुंकू.

"हे कुणी लावलं?"

"मीच, अम्मा." तो खाली बघू लागला. "आयुधपूजा होती. जॅकला लावलं, पान्यांना लावलं. हेही गाडीचं आयुधच ना?"

"तुझा हात आत पोहोचला कसा?"

"नाही पोहोचला. एसीच्या कामाला गाडी शेडमध्ये होती, मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडून दिला. कुणाला दाखवू नको, असं मालक म्हणाले होते, म्हणून बोललो नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, मग त्याला नैवेद्यही दाखवायचास!"

मेकॅनिकची शेड तिरुवल्लिकेणीत. पूजेला या नंबरची गाडी तुझ्याकडे आली होती का, एवढंच मी विचारलं. "मी ती कधी पाहिलीच नाही," तो म्हणाला. त्याच्या पाठीमागे भिंतीवर पूजेचा फोटो लावलेला होता. रांगेत उभ्या गाड्या, तिसरीला केळीची रोपं बांधलेली, नंबर स्वच्छ दिसत होता.

"मग ही कुणाची रे?"

मग त्याने सगळं कबूल केलं. दुरुस्तीच्या वेळी त्याने दुसरी किल्ली करून घेतली होती. गाडी त्याच्या मेहुण्याच्या आवारात ताडपत्रीखाली मिळाली.

"डबा काढलास, लॉरीला बांधलास, मग कुंकू का नाही पुसलंस?"

"पूजेचं होतं, अम्मा. कसं पुसणार?"

चोरी करताना मात्र त्याला काही वाटलं नाही. अशी माणसं मी खूप पाहिली.

गाडी बघून मालक ड्रायव्हरला म्हणाला, "चल, घरी ने." मी किल्ली दिली नाही. म्हटलं, "ज्या आवाजात चोर म्हणालात, त्याच आवाजात आधी माफी मागा." मागितली. सगळ्या ठाण्याने ऐकली.

यंत्र जरूर घ्या. पण ते स्वतःचा पत्ता सांगतं, गाडीचा नाही. ते कुठे बसवलंय हे कुणाला दाखवू नका, आणि गंध-कुंकू बॉनेटला लावा. मी एक शिकले. संशयिताकडून कबुली मागण्याआधी, त्या वस्तूशी त्याने काय काय केलं ते शांतपणे विचारावं. त्या ठाण्यात माझ्याहून शिकलेले पुष्कळ होते. तो प्रश्न मी विचारला, आणि एक निर्दोष माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवला.