पुलावरची लाकडी खुंटी

संपात बाबांचं गिरणीतलं काम गेलं ते गेलंच. पुढे मी रेल्वेत गँगमन म्हणून चिकटलो, आणि चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत पगार आणणारा मी एकटाच उरलो. बाबा रोज बजावायचे, साहेबासमोर तोंड उघडायचं नाही. मी उघडायचोही नाही. लाकडाचं काम यायचं म्हणून मला पुलांच्या गँगमध्ये घेतलं होतं.

रुळाखाली आडवे टाकायचे स्लीपर सगळीकडे सिमेंटचे आले, तरी लोखंडी पुलांवर लाकडीच लागायचे. लाकडात स्क्रूचं भोक सैल झालं की आम्ही त्यात लाकडी खुंटी ठोकायचो, तिच्यात नवं भोक पाडायचो, स्क्रू पुन्हा घट्ट. वीस वर्षं हेच केलं. मग चांगलं लाकूड मिळेनासं झालं आणि वडाळ्याकडच्या एका पुलासाठी बनावट लाकडाचे स्लीपर आले. काचेचे धागे आणि प्लॅस्टिकचा फेस म्हणे. रंग लाकडाचा, करवतीने कापलेही जायचे, पण लाकडाचा वास नाही. मला तर बघूनच धडकी भरली. लाकूडच गेलं तर मला कुत्रं तरी विचारेल का?

पुलाचे इंजिनिअर साहेब तरुण होते. त्यांनी दोनदा समजावलं, यात खुंटी मारायची नाही, ती पाण्याने कुजेल आणि स्क्रू सुटेल. भोक चुकलं तर आम्हाला सांगा, त्यात वेगळा मसाला भरू.

रविवारी ब्लॉक घेऊन गाड्या थांबवल्या आणि नवे स्लीपर बसवले. दुपारी पहिली गाडी सोडायला अर्धा तास उरला होता. मी हत्यारं आवरायला लागलो, तर खुंट्यांची पिशवी उघडी. तेव्हा कुठे आठवलं. मधल्या एका स्लीपरला भोक मोठं पडलं होतं आणि मी मेल्याने सवयीने खुंटी ठोकून वर स्क्रू आवळला होता. कोणी पाहिलं नव्हतं. सांगितलं तर नोकरीवर गदा येणार, नाही सांगितलं तर माणसांनी भरलेली गाडी त्याच्यावरून जाणार. एका स्क्रूने काय होतंय, असंही मनात आलं. मग स्वतःचीच भयंकर चीड आली आणि मी मुकादमाला जाऊन सांगितलं. त्याने सणसणीत शिवी हासडली आणि साहेबांना बोलावलं.

साहेब ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "एकच ना?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण दिवसभर हात आपले चालले होते, डोकं कुठे जाग्यावर होतं?

"आठवत नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी गाडी अडवून ठेवली आणि माझ्या हातचा प्रत्येक स्क्रू उघडायला लावला. नोकरी राहिली, पुलांच्या गँगमधून मात्र मला काढलं, आणि ते बरोबरच केलं. कारण आणखी दोन खुंट्या निघाल्या. त्या मी कधी ठोकल्या, ते मला आजही आठवत नाही.