सातवी फळी

ख्रिस्तावांच्या देवळाची घंटा थांबून थांबून वाजायला लागली तेव्हा मी वाडीत पानवेली बांधत होतो. आमच्या उमेळ्यात मरणाची घंटा सगळ्यांना ओळखता येते, घर हिंदूचं असो की ख्रिस्तावाचं. कुणीतरी म्हातारं माणूस सुटलं असेल, असं म्हणून मी पुन्हा कामाला लागलो. म्हातारं कुठलं... पास्कू गेला होता. माझ्या वर्गातला, माझ्याच बाकावरचा, माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. चार दिवस तापात होता. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो, तर मलाच म्हणतो, "भालू, तोंड एवढं पाडू नकोस. दुकानात असतास तर गिऱ्हाईक परत गेलं असतं." आणि दुसऱ्या दिवशी हा असा न सांगता निघून जातो. मला त्याचा राग आला, खरं सांगतो. अजून आहे. पण महिना होऊन गेला, आणि पास्कूची जी गोष्ट वसईच्या बाजारात सांगितली जाते ती अर्धीच सांगितली जाते, हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. म्हणून पुरती सांगायला बसलोय. ती आठवली की आजही माझ्या अंगात वारं शिरतं.

पास्कू नानाशेठच्या कापडाच्या दुकानात कामाला होता. शाळा सुटली आणि तो दुकानात शिरला, मी वाडीत. सकाळी दोघं बरोबरच निघायचो, माझ्या डोक्यावर पानांची करंडी आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा. कापड फाडावं तर पास्कूनं. कडेला कात्रीचा एक चिमटा काढायचा, दोन्ही हातांनी धरायचा आणि सर्रकन असा सरळ फाडायचा की आखून घेतल्यासारखं. आमच्या वाड्यांतल्या बायका लाल चौकड्यांचं लुगडं घ्यायला आल्या की शेठकडे बघायच्यासुद्धा नाहीत. "पास्कू कुठं गेला?" एवढंच विचारायच्या. शेठ गादीवर बसून हसायचे. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. लोक काय म्हणतील या एका भीतीनं त्यांचा निम्मा जन्म गेला.

आता त्या दुकानाच्या फळ्यांबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. जुन्या बाजारातली दुकानं अशीच. दाराऐवजी अकरा उभ्या फळ्या, वरच्या तुळईत एक खाच, खाली दगडी उंबऱ्यात एक खाच. फळी काढायची तर खालच्या कडेला बोटं घालून ती वर उचलायची, उंबऱ्यातून सोडवायची आणि बाहेर ओढायची. दहा फळ्यांचं काही नाही. सातवी मात्र फुगलेली. ती आधी ओढली की वर अडकायची आणि मग एकदम सुटून खाली यायची. तिच्याआधी आठवी काढावी लागे, म्हणजे सातवीला अंग हलवायला जागा मिळे. हे ज्ञान साऱ्या वसईत एकट्या पास्कूला होतं. त्यालाही ते कुणी शिकवलं नव्हतं, रोज काढून काढून हाताला कळलं होतं. शेठनी आयुष्यात फळीला हात लावला नव्हता. दुकान उघडल्यावर ते यायचे, बंद करण्याआधी जायचे.

स्वराज्य आल्यानंतरची दुसरी की तिसरी दिवाळी असेल. पाडव्याची पहाट, दुकान उघडायचा मुहूर्त भटजींनी काढून दिलेला, आणि त्या एका दिवशी शेठ स्वतः हजर. मागं उभं राहून घाई करतायत, "आटप, पास्कू, वेळ टळतेय." पास्कूनं घाईत सातवी आधी धरली. बस. फळी सुटली ती त्याच्या उजव्या हातावर, खाली दगड, वर फळी. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

मला कळलं तेव्हा तो दवाखान्यातून हात बांधून घरी आलेला. त्याची बायको कातरीन चुलीपुढं बसली होती, रडत नव्हती, नुसती लाकडं आत सारत होती. "आता हा कापड कशानं फाडणार, भावोजी?" एवढंच म्हणाली. तीन पोरं होती घरात. शेठनी तांदळाचं पोतं पाठवलं, ते पास्कूनं परत केलं. "मी भीक मागितली का?" म्हणाला. महिना गेला तरी शेठ कामावर ये म्हणेनात आणि येऊ नको असंही म्हणेनात. वर कुणीतरी बाजारात सोडून दिलं की पास्कू सणाला प्याला, घरीच पडला आणि हात मोडून घेतला. पास्कू... ज्यानं लग्नाच्या मांडवातही कधी पेल्याला हात लावला नाही. ते ऐकून मी पेटलो. माझा स्वभाव म्हणजे चुलीवरचं दूध, उतू जायला वेळ लागत नाही.

त्या दिवसांत दुकानात राबणाऱ्यांसाठी नवा कायदा आल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. कामावर हात-पाय गेला तर मालकानं भरपाई द्यायची, हे गिरणीत आधीपासून होतं. कापड फाडणाऱ्याचं काय, हे कचेरीतल्या कारकुनालाही धड ठाऊक नव्हतं. "हे गिरणीवाल्यांचं हो," तो म्हणाला, "दुकानात कुठं यंत्र असतं?" मी म्हटलं, बोटं मोडायला यंत्रच लागतं का, या एकदा बाजारात, दाखवतो. अर्ज मी लिहिला. दोनदा परत आला, दोनदा पुन्हा लिहिला. पास्कूला हे काही पटत नव्हतं. "राहू दे रे भालू. बारा वर्षं त्यांचं अन्न खाल्लंय." मी म्हणायचो, अन्न खाल्लंस ते राबून खाल्लंस. शेवटी तयार झाला तो कातरीनमुळं. ती म्हणाली, "पैसे मिळोत न मिळोत, पण माझा नवरा पिऊन पडला नाही एवढं सरकारनं लिहून द्यावं." मग पास्कूनं अर्जावर डाव्या हातानं सही केली, वाकडीतिकडी.

ठाण्याला भरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबांपुढं आम्ही उभे राहिलो. शेठ खाली मान घालून गप्प. साहेब तरुण होते, शांत, चष्म्यातून सगळं वाचत होते. मला वाटलं, जिंकलोच. आणि मी काय करावं? टेबलावर हात आपटून म्हणालो, "साहेब, दवाखान्याचा कागद मागवा. त्यात सगळं आलंय." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कागद आला. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला आणि आमच्याकडे बघितलं. कागदावर लिहिलं होतं, घरी दाराची फळी पडून इजा. सांगणारा, रुग्ण स्वतः.

शेठनी मान वर केली. इतका वेळ गप्प बसलेला माणूस बुडत्याला काडी मिळावी तसा बोलायला लागला. "कागदच सांगतोय, साहेब. त्या पहाटे दुकान मी उघडलं, माझ्या हातांनी. हा तिथं नव्हताच." माझ्या कानशिलात आग. पण साहेबांनी मला गप्प केलं आणि पास्कूला विचारलं, कागदावरचं खरं की अर्जातलं? पास्कू म्हणाला, "अर्जातलं." मग दवाखान्यात खोटं का सांगितलं? पास्कूनं मोडका हात पाठीमागं घेतला. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि म्हणाले, जागा बघायला मी स्वतः वसईला येईन.

परतीच्या वाटेवर मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत चालला होता. मग म्हणाला, "पाडवा होता, भालू. शेठच्या उंबऱ्यावर माझं रक्त सांडलं होतं. मी दुकानात लागलं म्हणून सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. अपशकुनी दुकान म्हणाले असते, वर्षभर कुणी पायरी चढलं नसतं. सिस्टरनी विचारलं, कुठं लागलं? मी म्हटलं, घरी." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हा रविवारची देवळातली मिस्सा न चुकवणारा माणूस, मुहूर्त-शकुन याला लागू नाहीत, आणि तीन बोटं लोंबत असताना हा दुसऱ्याचा पाडवा सांभाळत होता. "शेठना हे ठाऊक आहे?" मी विचारलं. म्हणाला, "त्यांनी विचारलं कुठं?" काय करावं अशा माणसाचं?

साहेब आले त्या दुपारी बाजार जेवणासाठी बंद होता. शेठच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या, नव्यानं ठेवलेल्या गड्यानं; सातवी तो रोज झगडून कशीबशी काढायचा. बातमी आधीच फुटलेली, त्यामुळं जेवण टाकून सगळा बाजार गोळा. पापडीहून कुणी, कोळीवाड्यातून मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, वाणी, शिंपी, सगळे. साहेबांनी फळ्यांकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "शेठ, त्या पहाटे तुम्ही उघडलंत ना? मग आत्ता उघडा."

शेठनी उपरणं कमरेला बांधलं. पहिली फळी निघाली. घाम पुशीत दुसरी काढली. तिसरी, चौथी... गर्दीत कुणी हसलं, कुणी दटावलं. मी मनात देवाचं नाव घेत होतो, आणि काय मागतोय तेच मला कळत नव्हतं, यांना जमावं की न जमावं? सहावी निघाली. शेठ धापा टाकत होते. कोळीवाड्यातली एक म्हातारी मागून म्हणाली, "अरं, त्याला पानी तरी द्या." शेठनी सातवीला हात घातला. दोन्ही हातांची बोटं खालच्या कडेत. फळी वर गेली आणि अडकली. त्यांनी जोर लावला.

"शेठ, बोटं काढा. आधी आठवी." पास्कू ओरडला आणि ओरडता ओरडता गर्दीतून धावून त्यानं फळीला खांदा दिला. क्षणभरच. तेवढ्यात शेठनी हात ओढून घेतले. पास्कू बाजूला झाला आणि फळी सुटली. धाड... दगडावर लाकूड. तो आवाज साऱ्या बाजारात गेला.

शेठ उंबऱ्याकडे बघत उभे. आपली दहा बोटं त्यांनी तोंडासमोर धरली होती. मग पास्कूच्या हाताकडे बघितलं. आणि खालीच बसले, त्या दगडी उंबऱ्यावर, एवढा मानाचा माणूस. म्हणाले, "हाच आवाज, साहेब. त्या दिवशीही हाच आवाज आला होता. मी मागं उभा होतो. मीच घाई केली." साहेब लिहायला लागले. पास्कू मात्र शेठना हाताला धरून उठवत होता, त्याच मोडक्या हातानं. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. मी दोन्ही केलं. बाजारातले अजून त्यावरून माझी थट्टा करतात.

भरपाई मिळाली. कायदा लागू होतो की नाही यावर पुढं पुष्कळ कागद झाले, पण साहेबांच्या निकालात 'दुकानात, कामावर असताना' असे शब्द होते, आणि कातरीननं ते मला तीनदा वाचायला लावले. बाजारात सांगतात ती अर्धी गोष्ट इथं संपते. शेठ हरले, पास्कू जिंकला. पुढची अर्धी ही. दुसऱ्याच आठवड्यात नानाशेठ स्वतः पास्कूच्या अंगणात आले आणि कामावर ये म्हणाले. मी तिथंच होतो, आणि तोंड उघडणारच होतो, पण पास्कूनं मला डोळ्यांनी दाबलं. त्यानं एकच अट घातली. "येतो. पण फळ्या रोज तुम्ही आणि मी, दोघांनी काढायच्या."

आणि काढल्या. पावसाळा असो, सण असो, इतकी वर्षं रोज सकाळी. डावीकडे पास्कू, डावा हात खाली लावून, आणि उजवीकडे शेठ, उपरणं कमरेला बांधून. आठवी निघाली की पास्कू थांबायचा. शेठ म्हणायचे, "उचल, पास्कू," आणि दोघं मिळून सातवी अलगद बाहेर घ्यायचे. पानं घेऊन जाताना मी रोज बघायचो. कापड तो पुढं डाव्या हातानं आणि दातांनी फाडायला शिकला. पूर्वीसारखं सरळ नसायचं, पण बायका तेच मागायच्या. नवीन फळ्या बसवून घ्या म्हणून मी शेठना कितीदा टोकलं. दोघंही ऐकेनात.

परवा त्याच्या महिन्याची मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय आपसूक बाजारात गेले. नानाशेठ एकटेच उभे होते. आता म्हातारे झालेत, नजर कमी झालीय. गड्याला त्यांनी हातानंच लांब थांबवलं होतं. मी समोरच्या पायरीवर करंडी उतरवली आणि बसलो. एक, दोन, तीन करत सहा फळ्या निघाल्या. मग सातवी सोडून ते पुढं गेले, आठवी काढली, भिंतीला लावली. परत सातवीपाशी आले. डावीकडे मान वळवून म्हणाले, "उचल, पास्कू."

डावीकडे कुणी नव्हतं. मग उजवीकडची जागा सोडून ते डावीकडे गेले, पास्कूच्या जागी, वाकले, डावा हात खाली लावला आणि फळी उचलली. त्यांनी ती बाहेर घेतली आणि उंबऱ्यापलीकडे टेकवली. आवाज झाला नाही.