कावळा लगेच शिवला

रविवारची दुपार. छातीवर पुस्तक आहे आणि डोळे अर्ध्या ओळीवर मिटू लागलेत. पुस्तकात बाराव्या मजल्यावर एक बाई लिफ्टची वाट बघते आहे. ती वारलेली आहे, पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं 'सुप्रभात' अजून येतं. हल्लीची भुतं अशीच. पूर्वी पिंपळावर राहायची, आता टू-बीएचकेत राहतात. माझी बायको वृंदा गेल्यापासून मी असली पुस्तकं एकामागून एक वाचतो आहे. मित्रांना वाटतं, मला भीतीची चटक लागली. भीतीसाठी वर्तमानपत्र पुरतं.

लिफ्टचं दार उघडतं. आत वृंदा उभी आहे, हातात भाजीची पिशवी.

"ये ना आत," ती म्हणते. "दार धरून ठेवलं की ही लिफ्ट ओरडते."

मी आत जातो. आत आमचं स्वयंपाकघर आहे. आपण वर चाललोय की खाली, ते कळत नाही.

"तू भूत झालीस?"

"छे. त्याला काहीतरी मागे राहिलेलं लागतं म्हणे." ती कोथिंबीर निवडते आहे. "पण तू कधीपासून हे वाचायला लागलास? मी वाचायचे तेव्हा नाक मुरडायचास. शेवट आला की माझी पाचावर धारण बसायची. तेवढी चार पानं मोठ्यानं वाचून दाखव म्हटलं, तर केवढा भाव खायचास."

"या गोष्टींत माणसं परत येतात," मी म्हणतो. "कुणाचा सूड राहिलेला असतो, कुणाचं पोर रडत असतं. इतकं काहीतरी धरून ठेवलेलं असतं, की मेल्यावरही सुटत नाही. वाचताना अंगावर काटा येतो. आणि हेवाही वाटतो."

"भुताचा?"

"ज्याच्या घरी ते येतं, त्याचा."

ओट्याच्या पायऱ्या होतात, सिंकमधून नदी वाहते, आणि आम्ही घाटावर बसलेले असतो. वृंदाचा दहावा. पिंडावर काळे तीळ. शेजारच्या कुटुंबाचा कावळा काही केल्या येत नाही. धाकटीचं लग्न करू म्हणून झालं, गच्चीचं भांडण मिटवू म्हणून झालं, आता कुणीतरी बिडीबंडल ठेवतं आहे. आमचा कावळा गुरुजी बाजूला व्हायच्या आतच पिंडाला शिवतो.

"सुटली," वृंदाचा दादा म्हणतो. "कशातच जीव अडकला नव्हता."

सगळे सुटकेचा निःश्वास टाकून चपला शोधू लागतात. मीही मान डोलावतो. कशातच, म्हणजे माझ्यातही.

"त्यांच्यासारखं मला तुला काही कबूल करायलासुद्धा सवड मिळाली नाही," मी वृंदाला म्हणतो.

ती कावळ्याकडे बघते. "अरे, भूक लागली होती त्याला. आणि त्या लोकांनी पिंडाभोवती एवढा घोळका केलाय, त्यांचा येणार कुठून? तू एम.ए. झालास ना? एका पाखराच्या जेवणावरून बायकोचं मन वाचलंस?"

"मग राहिलं होतं काही?"

ती पिंडातला चिमूटभर भात माझ्या तळव्यावर ठेवते आणि माझी बोटं मिटते. हात गार, नुकती भाजी धुतल्यासारखा.

"गोष्टींचे शेवट," ती म्हणते. "हॉस्पिटलात म्हणालास, उरलेलं उद्या वाचू. आणि हल्ली सगळं मनातल्या मनात वाचतोस. मला काय ऐकू येणार?"

"तू घाबरशील."

"म्हणून तर तू लागतोस."

जाग येते तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं असतं. शेजारी कुणाचातरी टीव्ही चालू आहे. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडून बघतो. तळव्याला भाताचं एक शीत, त्याला चिकटलेला एक काळा तीळ. आज जेवायला पोळी-भाजी होती. घरात तीळ संक्रांतीला येतात, आणि तेही पांढरे. मी विवेकवादी माणूस आहे. याचं काहीतरी साधं कारण असणार, ते मी उद्या शोधीन.

मूठ पुन्हा मिटतो, डाव्या हातानं पान उलटतो, घसा खाकरतो आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचायला लागतो. जरा सावकाश, म्हणजे ती घाबरणार नाही.