न थुंकलेला दाणा

मूठभर धान तळव्यांत चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि चावून गिळायचा. तुम्ही धानबाजारात उभे राहिला असाल तर पाहिलं असेल, बाकी दलाल दाणा थुंकतात. आमचे चाचा थुंकत नसत.

"कोनाचे तरी चार महिने हायेत त्याच्यात. थुकाचे कसे?"

वडशाच्या धानबाजारातले ते जुने दलाल; सगळेच त्यांना चाचा म्हणत. धानाचा ओलावा त्यांनी सांगितला की शेतकरी आणि गिरणीवाला दोघेही मानत. मी पेपरसाठी रोजचे भाव घ्यायला त्यांच्याकडे जायचो.

नव्वदच्या दशकातल्या एका हंगामात ते म्हणाले, "पत्रकारभाऊ, दाना छातीत एकाच जागी थांबून राह्यला."

"आणि भात?"

"भात जाते, पोळी जाते. कच्चा दानाच थांबते."

गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. चाचांनी आठवडाभर घेतल्या आणि निकाल दिला, "पित्त जागा बदलते. दाना नाई बदलत." मग त्यांनी नागपूर गाठलं.

दुर्बिणीने तपासल्यावर नेमक्या त्याच जागी, अन्ननलिकेच्या आतल्या थरात, लहानसा कर्करोग सापडला. जात दुर्मीळ, इतक्या लवकर सापडणं त्याहून दुर्मीळ. सर्जन म्हणाले, "लोक भात अडकल्यावर येतात. तुम्ही आत्ताच कसे आलात?" चाचांनी खिशातून धान काढून दाखवलं.

अन्ननलिका काढायची, जठराची नळी करून ती गळ्यापर्यंत ओढून जोडायची, असं ठरलं. चाचांचा एकच प्रश्न होता, "दाना उतरंल?"

"जेवण उतरेल. कच्च्या दाण्याचं वचन देत नाही."

"मंग अर्धाच बरा करून राह्यले तुमी मले," म्हणत त्यांनी सही केली.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना पोटातल्या नळीतून अन्न देत होते. "बाजार कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याशिवाय सगळे थुकूनच राह्यले."

"थुकू दे. येतो मी."

चार महिन्यांनी आले. अंगाने निम्मे, आवाज घोगरा. एका शेतकऱ्याने मूठ पुढे केली. चाचांनी धान चोळलं, फुंकलं, दाणा फोडला आणि चावत राहिले. पार पीठ होईपर्यंत चावला. हमालांनी पोती खाली ठेवली. सगळे त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. घोट खाली गेला.

"ओलं हाय," चाचा म्हणाले. "दोन दिवस वाळव."

पुढे कित्येक हंगाम ते तसेच चावत राहिले. थोडं थोडं सहा वेळा जेवायचे, डोकं उंचावर ठेवून झोपायचे. म्हातारपणी भद्रावतीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. त्या आजाराने नव्हे.

आता ओलावा यंत्र सांगतं. जुने शेतकरी आकडा ऐकतात, आणि तरी क्षणभर यंत्र चालवणाऱ्याच्या गळ्याकडे पाहत उभे राहतात.