इंदूअक्कांची माशी

साडीचा काचा मारून इंदूअक्का यशवंतपूरजवळच्या तळ्यात उतरल्या. मी काठावरच थांबलो. "या की सर, चिखल स्वल्पच आहे," त्या म्हणाल्या. मी मांडीपर्यंत रुतलो.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. अक्का मूळच्या निपाणीच्या. बंगळूरच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, त्या कीटकांचे नमुने सांभाळायच्या. त्यांचा जीव एका माशीवर होता. दिसायला मधमाशीसारखी, पण नांगी नाही. फुलासमोर हवेत एकाच जागी तरंगत राहणारी. तिची अळी पाणथळ गाळात वाढते आणि शेपटीसारखी लांब नळी वर काढून श्वास घेते.

ही जात फक्त थंड डोंगराळ भागात सापडते, असं पुस्तकात होतं. म्हणून विभागप्रमुखांनी कुठला कीटक कुठे सापडतो त्याच्या विभागाच्या यादीतून अक्कांचं तळं काढलं. "वाऱ्यानं आली असेल एखादी."

"वाऱ्यानं आलेली पाहुणी इथं बाळंत होत नाही, सर."

दुसऱ्याच दिवशी अक्कांनी अळ्यांसकट गाळ मडक्यात आणला, तोंडाला मलमल बांधली. काही आठवड्यांनी मलमलीखाली माश्या भिरभिरू लागल्या. अक्कांनी मडकं थेट प्रमुखांच्या टेबलावर ठेवलं.

प्रमुखांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला. "यादी तयार झालीय. सही करा."

"खोट्या यादीवर? जमायचं नाही."

महिन्याभरात त्यांना नमुन्यांपासून हलवून ग्रंथालयात बसवलं. विभागात कुणी ब्र काढला नाही. मीही नाही.

अक्का रविवारी तळ्यावर जातच राहिल्या. पुढे साठच्या दशकात तळं बुजवून प्लॉट पाडायला घेतले. मातीच्या लॉऱ्या आल्या तेव्हा अक्का पाण्यात होत्या. मुकादम ओरडला, "अम्मा, बाजूला व्हा!"

"सरी, बरं, होते बाजूला. आधी माझं काम होऊ दे." बरणी भरेपर्यंत लॉऱ्या उभ्या राहिल्या.

तळं गेलं. प्रमुख म्हणाले, "चला, वाद मिटला."

"मिटतोय कसला? आनेकलकडची तळी बघायची राहिलीत."

दोन वर्षं त्या बसनं आनेकल तालुका हिंडल्या. नवव्या तळ्यात अळ्या सापडल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हृदयविकारानं त्या गेल्या.

नवी यादी माझ्याकडे आली. मी दोन्ही तळी लिहिली, शोधणारीचं नावही लिहिलं. निवृत्तीला आलेल्या प्रमुखांनी मला बोलावलं. "यशवंतपूरचं काढा. तिथं आता घरं आहेत."

"माशी होती, सर," मी म्हणालो. "नोंद राहील."

त्यांच्यापुढे मी नाही म्हटल्याची ती पहिलीच वेळ. यादीचा कागद मी हातातून सोडला नाही.