दहापैकी नऊ

साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे घड्याळमास्तर म्हणत, कारण ते थिएटरात स्टॉपवॉच घेऊन बसत. पडद्यावरचा माणूस समोरच्याशी बोलायचं सोडून प्रेक्षकांना शहाणपण शिकवायला लागला की बटण दाबायचं. गोष्ट पुन्हा सुरू झाली की घड्याळ थांबवायचं. परीक्षणाखाली चौकट असे : 'भाषण, दहापैकी इतके'. गुण जितके जास्त, तितका सिनेमा वाया. सत्तेवाल्यांच्या सिनेमाला आठ, विरोधकांच्या सिनेमालाही आठ. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या अंगवळणी पडलेल्या. धाकटी बहीण शाळेत होती तेव्हा घड्याळ तिच्याच हातात असे. बटण दाबताना ती खुदखुदायची.

तिनेच आता सिनेमा काढला. बापावर.

बाप बाटल्यांच्या कारखान्यात बॉयलरवर होता आणि तोतरा होता. एके दिवशी बॉयलरचा आवाज बदललेला ऐकून तो साहेबाच्या खोलीत धावला. "बॉ... बॉ... बॉ..." साहेब हसला. म्हणाला, "आधी शब्द जुळवून ये, मग ऐकतो." बाप तसाच उलट्या पावली झडप उघडायला गेला. चौघे वाचले. तो आतच राहिला.

पडद्यावर मात्र त्याच साहेबासमोर बाप साडेचार मिनिटं कामगारांच्या हक्कांवर घडाघडा बोलला. शब्द न् शब्द खरा. टाळ्यांनी थिएटर दणाणलं. मास्तरांचा अंगठा बटणावर, आणि अंगाचा नुसता तिळपापड. ज्या अडखळण्यापायी बाप जिवाला मुकला, तेच पोरीने गिळून टाकलं होतं!

"बाबा तोतरे का नाहीत?" बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"दादा, तोतऱ्या माणसाचं कोण ऐकून घेणार?"

"साहेबाचंही हेच म्हणणं होतं."

तिचा चेहरा पडला. "आमची बाजू पटत नाही, असं सरळ सांग ना."

"बाजू पटते गं. बाप पटत नाही."

त्यांनी नऊ दिले. आजवर इतके कुणालाच दिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात गावभर पोस्टरं लागली : 'दहापैकी नऊ! – घड्याळमास्तर'. जाहिरातवाल्याने नुसता आकडा पाहिला होता. मास्तरांनी बहिणीला फोन लावला. "ती पोस्टरं आधी काढायला सांग."

"का? आकडा तुझाच आहे ना?" तिने फोन ठेवला. नऊ म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं.

रविवारी आई सिनेमा पाहून आली. पायातल्या चपलाही न काढता खुर्चीत बसली.

"नऊ दिलेस, फार बरं केलंस. किती स्वच्छ बोलत होते रे! बावीस वर्षांच्या संसारात माझं नाव एकदाही धड घेता आलं नाही त्यांना." तिने डोळे पुसले. "तुला आवडलं ना त्यांचं बोलणं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. "आई, ते... ते..."

"बोल की," आई म्हणाली. "बाबांसारखं काय करतोस?"