नानांच्या कपाशीतला दगड

आकाशातून आलेल्या अशनीपुढे माणसाचा अहंकार गळून पडतो, असं एक प्राध्यापक मला म्हणाले होते. शनिवारी देवळावरून जाताना तेल-शेंदराचा वास आला की मला ते वाक्य आठवतं.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी एरंडोलजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. तिथले शेतकरी नाना, त्यांच्या उभ्या कपाशीत आकाशातून एक काळा दगड पडला. आठवड्याभरात लोकांनी त्याला शेंदूर फासून मारुती केलं. दर्शनाची रांग कपाशीतूनच जाई. नानांनी गळ घातली म्हणून मी जळगावचे आणि धुळ्याचे असे दोन प्राध्यापक बोलावले. त्यांनी शेंदूर खरवडला, भिंग लावलं आणि तिथेच भांडू लागले.

“पाषाणवर्गातली अशनी आहे,” जळगावकर म्हणाले.

“हे लोखंडाचे कण दिसत नाहीत का तुम्हाला? मिश्र वर्ग!” धुळेकर कडाडले.

नानांनी हात जोडले. “भाऊ, नुसता दगड शे, इतलंच लोकेसले सांगा. बठ्ठी कपाशी पायखाले गयी.”

“नुसता दगड म्हणणं अशास्त्रीय होईल. यात लोखंड आहे.” यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

रांगेतल्या एक अक्का ओरडल्या, “लोखंड? मंग हाऊ मारुती नही, शनिदेव शे!”

संध्याकाळपर्यंत तेलाचे डबे आले. नानांच्या रानातली काळी माती तेलाने चिकट झाली. तेव्हा मला हसू आलं होतं, आज येत नाही. पुढच्या हंगामात नाना शेजाऱ्याच्या रानात मजुरीने कापूस वेचत होते. नानांच्या रानात बसलेला शनीचा पुजारी दोंडाईच्याहून आला होता.